कुंडीत आपोआप उगवलेला टोमॅटो कुठला?

प्रश्न: किचनच्या कंपोस्टमधून टेरेसवरच्या कुंडीत टोमॅटोचं रोप आपोआप आलंय, वेल डोक्याच्या वर गेलाय, फळं चपटी, घड्या पडलेली, देठाकडे हिरवी राहतात आणि चवीला चांगलीच आंबट. व्हरायटी कुठली असेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाव छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि नुसता फोटो बघून जे सांगतात त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नका. बाजारातले बरेचसे टोमॅटो आता हायब्रीड, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून आलेले असतात, त्यांच्या बियांपासून आलेलं रोप आईबापासारखंच निघेल असं नाही, एकाच फळाच्या दोन बियांची झाडंही वेगळी निघतात, म्हणजे तुमच्या झाडाला नाव नसेलही! तरी चपटं, घड्यांचं, आंबट म्हणजे आपल्याकडच्या गावठी टोमॅटोसारखं वाटतंय. 'पुसा रुबी' या जुन्या वाणालाही हलक्या घड्या असतात, आणि हिरवे खांदे, म्हणजे देठाकडचा हिरवा भाग, बऱ्याच जुन्या वाणांत दिसतात त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका. एक फळ आडवं कापून कप्पे मोजा, दोन-तीनच असले तर गावठीचा अंदाज कच्चा, जास्त असले तर पक्का होत जातो. बी मात्र ठेवा, दोन-तीन दिवस गरासकट आंबवा, धुवून सावलीत वाळवा. पुढच्या खेपेला सगळी झाडं सारखी आली तर वाण स्थिर आहे, नाहीतर हायब्रीडचंच पिल्लू. आणि सार करा हो, आंबट टोमॅटोचंच मस्त होतं.