राणीचं चित्र बघताना चेहरा शेवटी बघ

अगं, कित्तूरला जाऊन तिथल्या राणी चन्नम्मांच्या पुतळ्याचा फोटो काढलास आणि खाली "राणी अशी दिसायची" लिहून मोकळी झालीस! थांब की जरा. चन्नम्मा वारल्या बैलहोंगलच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या कैदेत, १८२९ साली. घोड्यावरची, तलवारीची चन्नम्मा नंतरच्या कलावंतांनी घडवलेली आहे.

आधी एवढंच विचार, चित्रकारानं तिला बघितलं होतं का? विजापुराशी नाव जोडलेल्या चांदबिबीचं दख्खनी चित्र घे. पांढरा घोडा, हातावर ससाणा. चित्र साधारण १७०० चं, आणि बाई तर शंभर वर्षांपूर्वीच गेलेली! मग चेहऱ्यात काय शोधणार? ससाणा बघ. शिकारीचा पक्षी हातावर म्हणजे राजेपणाची खूण.

उलट थॉमस हिकी या चित्रकारानं १८०५ च्या सुमारास म्हैसूरच्या राजस्त्रिया त्यांच्या हयातीतच रंगवल्या. त्यातली उजवीकडची पदर सारून दंड दाखवते. अभ्यासक म्हणतात, ती देवी रोगाची लस टोचून घेतल्याची जाहिरात. कंपनी सरकारला लस खपवायची होती ना! त्या एका दंडात केवढं राजकारण आहे बघ.

दागिने, काठ, नथ यांना भिंग लाव. तसबीर जुनी असेल तर चौकटीतून काढल्याशिवाय बोलूच नको. मी शहापुरातल्या एका वाड्यातली "राणी" वर्षभर मिरवली. काच काढली तर खालच्या कडेला कापडगिरणीचं नाव, म्हणजे गिरणीचं जाहिरातीचं चित्र!