पेशीच्या दिवशी दोन्ही घरं एकाच व्हरांड्यात

मामेभावाचा खून झाला, आरोपी त्याच वस्तीतला. खटल्यात आपलं काही चालतं का आणि मामीनं आरोपीच्या आईशी बोलावं का, असं तुम्ही विचारलंय.

खटल्याचं आधी सांगते. 2012 साली नागपुरात माझ्या मोठ्या भावाचा खून झाला, तेव्हा आम्हाला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. खटला सरकार लढतं, आपण साक्षीदार. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कायद्यानुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत कळवायला हवं. आरोपी निर्दोष सुटला तर मृताच्या वारसांना अपील करता येतं. मामेभावाच्या कमाईवर घर चालत असेल, तर भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आरोपी सापडला नसला तरी तो करता येतो. माझा भाऊ ऑटो चालवायचा. हप्ते थकले, वहिनीनं ऑटो विकला, मग धुणीभांडी धरली.

कुणी "पैसे घ्या आणि मिटवून टाका" म्हणेल. खुनाचा गुन्हा आपसात मिटत नाही. लगेच सरकारी वकिलांना सांगा.

आता त्या आईचं. आमच्या खटल्यातल्या आरोपीची आई सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात दर पेशीला आमच्यासमोरच्या बाकावर असायची. पोराच्या मुलाकातीसाठी वर्धा रोडच्या जेलपर्यंत पायी जायची, असं नंतर कळलं. तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. धाकट्याला शाळेत 'खुन्याचा भाऊ' म्हणत, आणि तो माझ्या भाच्याच्याच वर्गात. भाच्याला तर आमच्याच नातेवाइकांनी तेरवीच्या पंगतीत विचारलं होतं, "बापाचा बदला घेशीन ना रे?" नऊ वर्षांचं पोर. त्यानंतर कित्येक महिने तो उशीखाली कात्री घेऊन झोपायचा. मला आजही त्या माणसांचा राग येतो. तुमच्या घरात लहान मूल असेल तर असं बोलणाऱ्याला तिथंच थांबवा, वयानं मोठा असला तरी.

मामीवर मात्र बोलण्याची जबरदस्ती करू नका, न बोलण्याचीही नको. माझी आई त्या बाईशी एक शब्द बोलली नाही. जन्मठेप लागली त्या संध्याकाळी चहा तसाच ठेवून तिनं मला एवढंच विचारलं, "तिच्या पोरीचं जमलं का गं कुठं?"