मंडळीतली अनोळखी माणसं जिवाभावाची कशी होतात?

तुम्ही विचारलंय की चर्चमध्ये काल-परवा आलेली माणसंही घरच्यासारखी कशी वागू लागतात, हे श्रद्धेमुळे होतं की दर रविवारच्या भेटीगाठींमुळे. भेटीगाठी तर ऑफिसातही रोज होतात. सहा वर्षं शेजारी बसलेल्या बाईच्या घरी काय चाललंय, हे मला कधी कळलं नाही.

२०११ साली मी नोकरीसाठी नगरहून पुण्याला आले. ओळखीचं कुणी नव्हतं. दुसऱ्या रविवारी एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, उपासनेला गेले. पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं पद सुरू झालं, ते मला पाठ होतं आणि शेजारच्या बाईंनाही. एवढ्यावर आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

खरी गोष्ट झाली ती बुधवारच्या घरप्रार्थनेत. कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून दहा-बारा जण बसलेले. बायबलमधलं वचन झालं, गाणी झाली आणि पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणाले, "प्रार्थनेचे विषय सांगा." एका काकांनी मुलाच्या दारूचं सांगितलं, कुणी घराचे हप्ते थकल्याचं. एरवी आपण शेजाऱ्यालाही कळू देणार नाही, अशा गोष्टी. मग मलाही राहवलं नाही, बाबांच्या किडनीच्या आजाराबद्दल बोलले. त्याच बाईंनी बाबांचं नाव विचारून घेतलं. पुढच्या रविवारी दारातच म्हणाल्या, "जय ख्रिस्त. बाबांचा रिपोर्ट आला का गं?" आठवडाभर त्या रोज बाबांचं नाव घेऊन देवाकडे मागत होत्या. ज्याच्यासाठी रोज हात जोडले, त्याचं पुढं काय झालं हे विचारल्याशिवाय माणसाला राहवत नाही. माझ्या मते सगळं इथून सुरू होतं. बाबा गेले तेव्हा त्या पहिल्या एसटीनं नगरला आल्या, दफनविधीनंतर चार दिवस राहिल्या, आईला बळंच दोन घास भरवले. माझ्या मुली आज त्यांना आजी म्हणतात.

बायबलमध्ये रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल रूफ नावाच्या माणसाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईला आपलीही आई म्हणतो. नुसती नावं आहेत म्हणून बरेच जण हा अध्याय भरभर वाचून टाकतात. माझा तो सर्वांत आवडता.

पण हे आपोआप होत नाही. आमच्या मंडळ्यांतही जात शिरलेली आहे, सोयरीक जुळवताना ती हमखास वर येते, आणि मला ते फार खुपतं. म्हणून मला टिळक पुन्हा पुन्हा आठवतात. त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला तो आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी प्रवाशानं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ साली साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यांना भाऊ म्हणून एकत्र हवे होते. दोनच वर्षांत ते गेले.

तुम्हाला हे जवळून बघायचं असेल, तर एखाद्या घरप्रार्थनेला जा. चप्पल दाराशी काढा, सतरंजीवर बसा. प्रार्थनेचा विषय विचारतील, तेव्हा एखादा खरा सांगा.