उत्तर: पोलिंग स्टेशन ड्युअल कॅरेजवेपलीकडे चाललंय, चाळीस सह्या पाठवू का?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. शेजारच्या प्रायमरी स्कूलमधलं पोलिंग स्टेशन ड्युअल कॅरेजवेपलीकडच्या (म्हणजे मधे दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यापलीकडच्या) हॉलमध्ये न्यायचा कौन्सिलचा प्रस्ताव आहे, हरकतींना तीन आठवडे उरलेत, आणि मंडळातल्या चाळीस जणांच्या सह्यांचा एकच अर्ज धाडावा का, असं तुम्ही विचारलंय.

असा अर्ज धाडू नका. आधी सांगतो, मी वकील नाही. खालचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बरंचसं असंच चालतं, उत्तर आयर्लंडचा कारभार मात्र वेगळा.

सह्यांचंच आधी बोलू, कारण आम्ही तिथेच आपटलो. रिव्ह्यूचा, म्हणजे मतदानाच्या जागांच्या या कौन्सिली आढाव्याचा, निकाल पटला नाही तर इलेक्टोरल कमिशनकडे (निवडणुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) दाद मागता येते. रिव्ह्यूत ज्याने आपलं म्हणणं दिलं असेल तो एकटाही मागू शकतो, पण बाकीच्या साध्या रहिवाशांना त्यासाठी त्या मतदारसंघातले किमान ३० नोंदणीकृत मतदार लागतात. आमच्या अर्जावर ४२ सह्या होत्या. त्यातले निम्मे लोक मतदारयादीतच नव्हते, आणि हे कळलं ते निकाल लागून गेल्यावर. ‘आपला पासपोर्ट भारतीय, आपल्याला कुठलं मत’ ही समजूत. अहो, आहे मत! भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये मोडतात. यूकेत कायदेशीर परवान्यावर राहत असाल, अगदी विद्यार्थी व्हिसावर असाल, तरी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा मत देता येतं. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी असेल तर ऑनलाइन नोंदणी पाच मिनिटांत होते, पण नाव यादीत यायला पुढच्या महिन्याची पुरवणी निघावी लागते, कधी त्याच्याही पुढची. तेव्हा आज सांगा, सह्यांच्या दिवशी नको.

भारतातल्यासारखी वेबसाइटवर नाव शोधायची सोय इथे नाही. पूर्ण यादी कौन्सिलच्या कार्यालयात कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली बघता येते, हाताने टिपणं काढता येतात, फोटो काढता येत नाही. सोपा उपाय म्हणजे सही घेताना पोल कार्ड (निवडणुकीआधी घरी येणारं मतदाराचं कार्ड) आणायला सांगा आणि नावासमोर पूर्ण पत्ता आणि मतदार क्रमांक लिहून घ्या. युरोपीय शेजाऱ्यांच्या सह्या जरूर घ्या, पण आयर्लंड, सायप्रस, माल्टा सोडले तर त्यांना पार्लमेंटसाठी मत नसतं, म्हणून पहिल्या तिसांत त्यांना धरू नका. चाळीसचा आकडा गाठा म्हणजे दोनचार गळाले तरी निभावतं.

पण ही झाली अपिलाची तयारी. आत्ता हरकतीच्या टप्प्यावर सह्यांचा ढीग फारसा कामाचा नाही. चाळीस लोकांनी सही केलेलं एक पत्र म्हणजे कौन्सिलच्या तक्त्यात एक ओळ. मतदारसंघातला कोणीही मतदार स्वतंत्रपणे हरकत घेऊ शकतो. आठदहा जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या रस्त्याचं नाव घालून लिहिलेलं जास्त वजनदार. एकच मजकूर कॉपी-पेस्ट करू नका, ते लगेच ओळखतात.

आता दुसरा घोळ, ज्यात आमचे कितीतरी आठवडे वाया गेले. ‘पोलिंग प्लेस’ आणि ‘पोलिंग स्टेशन’ या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदारसंघाचे छोटे भाग, म्हणजे पोलिंग डिस्ट्रिक्ट, कसे पाडायचे आणि प्रत्येकाची पोलिंग प्लेस, म्हणजे इमारत किंवा परिसर, कोणता हे कौन्सिल ठरवतं. त्या जागेतल्या कुठल्या खोलीत पेट्या मांडायच्या, म्हणजे स्टेशन, हे रिटर्निंग ऑफिसर (निवडणूक घेणारा अधिकारी) ठरवतो. पत्रात ‘स्टेशन हलवू नका’ लिहिलंत की कौन्सिलचं निवडणूक खातं म्हणतं, तो रिटर्निंग ऑफिसरचा विषय. त्यांना लिहा, तर म्हणतात कौन्सिलला विचारा. बरेचदा दोन्ही टेबलांमागे माणसं तीच असतात, फक्त टोपी बदलते! म्हणून पत्रात ‘पोलिंग प्लेस’ हाच शब्द वापरा, डिस्ट्रिक्टचा कोड घाला (पोल कार्डावर मतदार क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरं सहसा तीच असतात) आणि १९८३च्या रिप्रेझेंटेशन ऑफ द पीपल ॲक्टच्या कलम १८-बीचा उल्लेख करा. सर्व मतदारांना व्यवहार्य असेल तितकी वाजवी सोय मिळावी यासाठी प्रयत्न करायचं बंधन त्यात कौन्सिलवर आहे, आणि अपंग मतदारांचं वेगळं.

रिटर्निंग ऑफिसरलाही रिव्ह्यूत आपलं म्हणणं लेखी द्यावं लागतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांत कौन्सिलला प्रसिद्ध करावं लागतं. ते आधी शोधून वाचा. शाळा का नको, याचं खरं कारण तिथेच सापडतं. बहुधा मुख्याध्यापकांची तक्रार असते, आणि ती खोटी नसते. मतदानामुळे शाळेचा एक दिवस बुडतो. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेची, अगदी कौन्सिलच्या ताब्यात नसलेल्या ॲकॅडमीचीसुद्धा, खोली रिटर्निंग ऑफिसरला मतदानासाठी फुकट वापरायचा हक्क आहे. वीज, हीटिंग, साफसफाईचा खर्च तेवढा द्यायचा. शिवाय अख्खी शाळा बंद ठेवायचं बंधन नाही. वेगळ्या दाराचा हॉल असेल तर तसा नकाशा काढून जोडा.

पत्रात ‘लांब पडतं’ एवढ्यावर थांबू नका. चालून बघा. वाटेत किती ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो, सिग्नल आहे की नुसता दुभाजक, फुटपाथ कुठे संपतो, दिवे कुठे नाहीत, बाबागाडी ढकलत किती मिनिटं लागतात, बस तासाला किती आणि शेवटची किती वाजता. मतदान सकाळी ७ ते रात्री १० चालतं आणि २०१९ची निवडणूक १२ डिसेंबरला झाली होती, दुपारी चारलाच अंधार. हॉलमध्ये जाऊन दाराला उंबरा आहे का, रॅम्प १:१२ पेक्षा उभा आहे का, व्हीलचेअरला आत वळायला जागा आहे का, हे मोजा. भागात अपंगांची एखादी संस्था असेल तर तिला स्वतंत्रपणे लिहायला सांगा. अशा जाणकारांचं मत कौन्सिलने मागवायचंच असतं.

मतदारसंख्येचं कारण पुढे केलं, तर इलेक्टोरल कमिशनच्या मार्गदर्शनात पोस्टल मतदार वगळून एका स्टेशनला २,२५० पर्यंत मतदार बसतात. तुमच्या डिस्ट्रिक्टचा आकडा मागा, पोस्टल वगळून. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कौन्सिलच्याच नावे करा. रिटर्निंग ऑफिसरला तो कायदा लागू नाही आणि त्या सबबीवर अर्ज परत येतो. उत्तराला कामाचे २० दिवस मिळतात, म्हणजे तुमची मुदत तोवर संपलेली असेल. म्हणून आधी साध्या ईमेलने विचारा.

आणि पर्यायी जागा सुचवल्याशिवाय पत्र पाठवू नका. चर्च हॉल, लायब्ररी, स्काउट हट, पबची मागची खोली, काहीही, पण जागामालकाला विचारून. इमारत नसेलच, तर ‘शाळा आणि तिचं आवार’ अशी पोलिंग प्लेस ठरवा म्हणा, म्हणजे कार पार्कमध्ये पोर्टाकॅबिन उभी करता येते. जागा डिस्ट्रिक्टच्या हद्दीतच असावी लागते. बाहेरची हवी असेल तर विशेष कारण दाखवावं लागतं.

‘पोस्टल व्होट घ्या की’ हे उत्तर हमखास येईल. माझ्या मते ते उत्तर नव्हेच. ज्याला हवं त्याने घ्यावं, पण कलम १८-बीचं बंधन त्याने सुटत नाही. हे पत्रात आधीच लिहून टाका.

निकालासोबत कारणं, आलेल्या हरकती आणि बैठकीची इतिवृत्तं कौन्सिलला प्रसिद्ध करावी लागतात. ती उतरवून ठेवा. अपिलात दोनच मुद्दे चालतात: मतदारांच्या वाजवी गरजा भागल्या नाहीत, किंवा अपंगांच्या सोयीचा पुरेसा विचार झाला नाही. ‘आमचं ऐकलं नाही’ हा मुद्दा नाही. कमिशन बदल करायला सांगू शकतं आणि कौन्सिलने दोन महिन्यांत केला नाही तर स्वतः करू शकतं.

सक्तीचे रिव्ह्यू पाच वर्षांनी येतात. मागचा ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२५ मध्ये झाला, पुढचा ऑक्टोबर २०२८ पासून. मधे कौन्सिल हवं तेव्हा करू शकतं, पण आपण म्हणू तेव्हा करेलच असं नाही. नोटिशीतली शेवटची तारीख संध्याकाळी पाचची की मध्यरात्रीची, हे आजच बघा. डिस्ट्रिक्टचा कोड इथे टाकलात तर रिटर्निंग ऑफिसरचं म्हणणं शोधायला मदत करतो. पूर्ण मतदार क्रमांक मात्र टाकू नका.