मुलगा तालमीत छान लढतो, स्पर्धेत गळपटतो. मनाची ताकद वाढवायची कशी?

मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलो, त्यामुळे कुस्तीवरूनच सांगतो. कराटे-ज्युडोवाल्यांनी आपापलं जुळवून घ्यावं.

तुम्ही लिहिलंय की मुलगा रोजच्या जोडीशी मस्त लढतो, पण स्पर्धेत सलामी झाली की आखडतो. हे खडाखडीतच, म्हणजे उभ्यानं हाताझोंबी चालते तेव्हाच दिसतं. कपाळाला कपाळ लागलं की घाबरलेलं पोरगं समोरच्याचं मनगट गच्च धरून ठेवतं आणि श्वास कोंडतं. मिनिटभरात हात भरून येतात, मग पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढायला, बोटांत जोर उरत नाही. बघणारे म्हणतात, दम कमी पडला. दम असतो हो, भीतीनं खाल्लेला असतो.

आमच्या वस्तादांना यावर भाषण देताना कधी ऐकलं नाही. जोर, बैठका, सपाटे मारून पोरगं पिळून निघालं की ते त्याच्यापेक्षा जड पैलवान मातीच्या हौद्यात उतरवायचे. तो सवारी भरून, म्हणजे पाठीवर स्वार होऊन, मान दाबलेली, नाकातोंडात माती, आणि कडेवरून वस्ताद शांतपणे विचारणार, "त्येचा उजवा पाय कुठं हाय?" उत्तर द्यावंच लागायचं. बोलायचं म्हणजे श्वास सुटतो आणि पाय शोधायचा म्हणजे डोकं चालतं. असं काही महिने चाललं की खाली सापडल्याचं पोराला विशेष वाटेनासं होतं.

तुमच्या मुलाची अडचण मला जोडीत दिसते. एकाच जोडीचे डाव पाठ झालेले असतात, तिथं भीती वाटणार कशाची? त्याला दुसऱ्या तालमीत न्या, अनोळखी पोरांशी लढू द्या. गादीवर (मॅटवर) खेळत असेल तर दोन राउंड असतात, मोठ्यांना तीन-तीन मिनिटांचे, सतरा वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटांचे. सरावात मुद्दाम शेवटचा एकच मिनिट लावा आणि सांगा, तू दोन गुणांनी मागे आहेस. अंग थकलेलं असतानाच लावा, ताज्या अंगावर त्याचा उपयोग नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण सगळे जिद्दीसाठी देतात. 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत वरच्या वजनगटात कांस्यपदक घेतलं. जिद्द पहिल्या खेपेलाही होतीच की. पण मातीतला हा पैलवान लंडनला उतरला तेव्हा गादी आणि तिथले नियम नवखे होते, हेलसिंकीत ते नवखेपण राहिलं नव्हतं. माझ्या मते फरक तिथं पडला.

गुडघा दुखत असताना "मन घट्ट कर" म्हणून लढायला लावू नका, तो निव्वळ आडमुठेपणा. आणि स्पर्धेत तुम्ही कडेवरून ओरडत असाल तर आधी ते बंद करा. पोराच्या कानात एकट्या वस्तादांचा आवाज जायला हवा.

मुलगा मातीत खेळतो की गादीवर, आणि वजन किती, ते कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.