नव्या औषधाच्या चाचणीत लेकीला घालावं का?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला संधिवात आहे. सकाळी गुडघे, मनगटं इतकी आखडतात की वेणीसाठी कंगवाही धरवत नाही. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे, तरी सूज उतरत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलंय. सासूबाई म्हणतात, पोरीवर प्रयोग नको. काही मुलांना खोटं औषध देतात म्हणे. काय करू?
— एक आई, ता. रावेर

उत्तर : ताई, मोठ्यांची गोळी अर्धी मोडून लेकराला देता येत नाही. मुलांचं शरीर औषध वेगळ्या वेगाने पचवतं, हाडंही वाढत असतात. म्हणून मुलांमध्ये तपासावंच लागतं.

खोट्या औषधाची धास्ती मात्र रास्त आहे. इटानरसेप्ट हे इंजेक्शन या आजारासाठी अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झालं. त्याच्या चाचणीत ४ ते १७ वर्षांच्या ६९ मुलांना आधी तीन महिने खरं औषधच दिलं. ५१ जणांना गुण आला. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. बिनऔषधाच्या इंजेक्शनवरच्या २६ पैकी २१ मुलांचा आजार पुन्हा उसळला, औषधावरच्या २५ पैकी ७ जणांचा. उसळलेल्यांना परत खरं औषध मिळायची सोय होती. तुमच्या चाचणीत अशी सोय आहे का आणि ते कोण, किती दिवसांत ठरवणार, हे आधी विचारा.

दुसरं, ही औषधं बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती कमी करतात. रात्री ताप चढला तर मुंबई जवळ नाही. भुसावळ-जळगावात कुणाला दाखवायचं, फोन कुणाला करायचा, हे लिहून घ्या. घरात कुणाला टीबी झाला असेल किंवा जुना खोकला असेल तर लपवू नका.

संमतीचा कागद मराठीत मागा, घरी आणा, सासूबाईंना वाचून दाखवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, हा भारतातला नियम आहे. नकार दिलात तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत; मधूनच बाहेरही पडता येतं.

आणि लेकीला विचारा, तुमच्या आणि सासूबाईंच्या गप्पांत नव्हे, तिला एकटीला. सात वर्षांपुढच्या मुलाचा होकार आपल्याकडे घ्यावाच लागतो. माझ्याकडे येणारी मुलं सुईपेक्षा शाळा बुडण्याचं जास्त बोलतात.

निर्णय काहीही होवो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासणी करून घ्या. या आजारात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजू शकतो.