दुसऱ्या मजल्याचं काम चालू आहे, परांचीलाच कप्पी बांधून माल चढवतात. चालतं का?

नाही चालत. तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात घरावर मजला चढतोय, ठेकेदाराने प्लास्टरच्या परांचीच्या आडव्या पाइपला कप्पी लटकवलीय, वर जायला बांबूची शिडी आहे आणि विचारलं की तो म्हणतो, "वीस वर्षं असंच करतोय." मी इथेच साइट सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढलीत. आधी कप्पी काढायला लावा, मग शिडीकडे बघू.

बहुतेकांना वाटतं कप्पीमुळे वजन हलकं होतं. एकाच कप्पीने काहीच हलकं होत नाही, फक्त वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता येतं. सिमेंटचं पोतं 50 किलोचं. ते एका बाजूने 50 किलोने खाली ओढतंय आणि दुसऱ्या बाजूने बिगारी तेवढ्याच जोराने खाली ओढतोय. म्हणजे पाइपवर 100 किलो. कप्पी गंजलेली असेल, झटका बसला, तर त्याहून जास्त. त्यात पोतं डोक्यावर पडू नये म्हणून बिगारी लांब उभा राहून तिरका ओढतो (त्याचंही बरोबरच आहे), आणि तो तिरका ओढा परांचीला भिंतीपासून बाहेर खेचतो. परांची गवंडी, घमेली आणि फळ्या पेलायला उभी केलेली असते. बाहेरच्या ओढीचा विचार तिच्यात कुणी केलेला नसतो, आणि भिंतीला घेतलेले बांध प्लास्टरच्या आड येतात म्हणून बऱ्याचदा आधीच सोडलेले असतात.

होटगी रोडच्या एका कामावर माझ्या देखत पाइप क्लॅम्पमधून फिरला. मालाची बादली सरळ खाली. बिगारीण मिनिटभरापूर्वी पाणी प्यायला गेली होती म्हणून वाचली. त्या परांचीवर मीच सकाळी 'ठीक आहे' म्हणालो होतो.

मग माल चढवायचा कसा? स्लॅबवर ठेवायची मोटरची छोटी क्रेन भाड्याने मिळते. ती स्लॅबवरच ठेवायची, परांचीवर नाही. क्रेन पुढे कलंडू नये म्हणून मागे ठेवलेलं वजन बघा: वाळूची पोती ठेवतात, ती फाटतात, आठवड्याभरात वाळू गळून वजन निम्मं होतं. सिमेंटचे ठोकळे बरे. रोज सकाळी पहिला भार वीतभर उचलून तसाच धरायचा, खाली सरकला तर ब्रेक गेलाय. माल निसटू नये म्हणून हुकाच्या तोंडाला झडप हवीच. तारेच्या दोराबद्दल 1998 च्या केंद्रीय बांधकाम नियमांत मोजायला सोपी अट आहे: दोराच्या जाडीच्या आठपट लांबीत एकूण तारांपैकी 10 टक्क्यांहून जास्त तुटलेल्या दिसल्या की दोर बाद. 8 मिलिमीटरचा, 114 तारांचा दोर असेल तर जेमतेम अडीच इंचांत 12 तुटलेल्या तारा. क्रेन चालवणारा माल आत ओढायला कठड्याबाहेर वाकतो. त्याला सेफ्टीचा पट्टा द्या, पण पट्ट्याचा दोर क्रेनला बांधू देऊ नका, कॉलमला बांधा. क्रेन गेली तर निदान माणूस तरी राहील.

आता खास आपल्या गावची गोष्ट. तुमच्या कामावर मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे सगळे असणार. 'एत्तु' म्हटलं की तेलुगूवाला आणि कानडीवाला दोघंही उचलतात, आणि चार दिवसांत आपला मराठी गडीही. पण थांबवायचं तर एकजण 'थांब' ओरडतो, दुसरा 'आपु', तिसरा 'निल्सु'. घाईत नेमका हाच शब्द कळत नाही. म्हणून खूण हाताची ठेवा आणि खूण देणारा एकच माणूस नेमा. 'थांब' मात्र कुणीही म्हटलं तरी थांबायचं.

शिडीचं तसं सोपं आहे. 12 फूट उंचीला पाय भिंतीपासून 3 फूट लांब, वरचं टोक स्लॅबच्या वर 3 फूट आणि तिथे बांधलेलं. दोन शिड्या जोडून एक केलेली असेल तर लगेच तोडा, नाहीतर संध्याकाळी पुन्हा वापरतील. रंग दिलेली शिडी घेऊ नका, तडे रंगाखाली लपतात. आपली काळी माती पाणी मारलं की लोण्यासारखी होते, त्यामुळे शिडीच्या आणि परांचीच्या पायांखाली रुंद फळी हवी. विटांचे तुकडे नकोत. चढताना दोन्ही हात मोकळे, घमेलं घेऊन कुणी चढणार नाही. घरासमोरून महावितरणची तार जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी फाटकाच्या आतही येऊ देऊ नका.

आणि मे महिना आहे, वळवाचा वारा कधी सुटेल सांगता येत नाही. परांचीला हिरवी जाळी लावली असेल तर ती शिडासारखी फुगते. आभाळ काळं झालं की सगळ्यांना खाली बोलवा आणि पाऊस गेल्यावर बांध, क्लॅम्प, फळ्या बघितल्याशिवाय कुणाला वर पाठवू नका.

ठेकेदार क्रेनच्या भाड्यावरून कुरकुर करेल. "भाडं मी देतो" म्हणा, पण तेवढ्यासाठी कप्पी उद्यापर्यंत राहू देऊ नका.